विंडोज उडाली: रीसेट करायचं की हाताने दुरुस्त करायचं?

आमच्या भागात कॉम्प्युटर सुरू झाला नाही की निदान एकच, ‘विंडोज उडाली’, आणि औषधही एकच, ‘फॉरमॅट मारावा लागेल’. मी पंधराएक वर्षं डीटीपी करतो. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका. एवढ्या काळात माझी आणि शेजारीपाजाऱ्यांची मशिनं कितीदा उडाली याचा हिशेब नाही. फॉरमॅट हल्ली मी अगदी शेवटी धरतो. खरी निवड उरते ती दोघांत. एक, विंडोजमधलंच ‘रीसेट धिस पीसी’ आणि त्यातला ‘कीप माय फाइल्स’ हा पर्याय. दुसरा, इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह लावून कमांड प्रॉम्प्टमधून, म्हणजे हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीतून, बूटची (विंडोज सुरू करून देणाऱ्या फाइल्सची) दुरुस्ती. दोन्ही केलंय, आणि दोन्हींत एकेकदा तोंडावर आपटलोय.

मशिनवर कंपनीचा लोगोच येत नसेल, नुसते बीप वाजत असतील, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. रॅम काढा, तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवा, परत घट्ट बसवा. तारीख दर वेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला. लोगो येतो, पण पुढे विंडोज काही उठत नाही, अशांनी पुढे वाचावं.

रीसेटची बाजू आधी मांडतो, कारण ती दुबळी नाही. माझा भाचा पुण्यात शिकतो. गेल्या वर्षी त्याचा लॅपटॉप ‘ऑटोमॅटिक रिपेअर’वर येऊन तिथेच गोल गोल फिरायला लागला. मी फोनवरून फक्त पर्याय वाचून घेतले: ट्रबलशूट, रीसेट, कीप माय फाइल्स. पुढे दोन वाटा असतात. क्लाउड डाउनलोड घेतलं तर चारेक जीबी नेटवरून उतरतं, लोकल घेतलं तर मशिनवर असलेल्याच फाइल्समधून विंडोज पुन्हा उभी राहते. आहे तीच विंडोज नासली असेल तर क्लाउड बरं, असा माझा अनुभव. त्याने होस्टेलच्या वायफायवर लावून दिलं आणि जेवायला गेला. रात्री मेसेज आला, ‘मामा, झालं.’ त्याचं सगळं काम ब्राउझरमध्ये, नोट्स ऑनलाइन ड्राइव्हवर. त्याचं गेलं काय? दोन-तीन सॉफ्टवेअरं, तीही फुकटातली. अशा माणसाला कमांड शिकवत बसणं म्हणजे उगाच छळ.

मी मात्र हेच रीसेट माझ्या दुकानातल्या मशिनवर केलं होतं. तेही ऐन मे महिन्यात.

‘कीप माय फाइल्स’ अक्षरशः खरं बोलतं. फाइल्स राहतात. बाहेरून टाकलेली सॉफ्टवेअरं जातात, आणि गेलेल्यांची यादी ‘रिमूव्ह्ड ॲप्स’ नावाने डेस्कटॉपवर ठेवलेली असते. ती उघडली आणि शोकसंदेश वाचल्यासारखं झालं. पत्रिका बनवायचं कोरल, हिशेबाचं टॅली, प्रिंटरचा ड्रायव्हर, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर. तेही चाललं असतं, एक दिवस गेला असता. कोरल परत टाकलं, अर्धवट राहिलेली पत्रिका उघडली, तर फॉन्ट सापडत नाही म्हणून खिडकी आली. ओके केलं. गणपती जागेवर, वेलबुट्टी जागेवर, आणि चि. सौ. कां.च्या जागी एबीसीडीची भेळ.

या धंद्यात नसलेल्यांना थोडं सांगायला हवं. युनिकोड येण्याआधीचे मराठी फॉन्ट आतून इंग्रजीच असतात. कीबोर्डवरच्या इंग्रजी अक्षराच्या खणात काना, वेलांटी, अर्धा ‘श’ असे तुकडे बसवलेले. फॉन्ट असला तर मराठी दिसतं, गेला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. माझ्या दहा-बारा वर्षांच्या फाइल्स अशाच. फाइल्स होत्या, अक्षरं नव्हती. फॉन्ट बसले होते विंडोजच्या फोल्डरात, आणि तो फोल्डर कोरा करकरीत झाला होता. मूळ सीडी कपाटात सापडली, पण नव्या मशिनला सीडी घालायची जागाच नाही.

शेवटी एका प्रेसवाल्या मित्राकडून फॉन्ट आणले. त्यातल्या एकाची आवृत्ती वेगळी निघाली. ‘शुभविवाह’ नीट उमटलं, पण ‘आशीर्वाद’मधला रफार सरकून ‘द’वर जाऊन बसला. प्रूफ वाचताना दिसलं म्हणून बरं, नाहीतर पाचशे पत्रिका तशाच गेल्या असत्या. रीसेटला लागले तीनेक तास. मी पूर्ववत कामाला लागलो चौथ्या दिवशी. निवड तिथेच झाली म्हणा ना.

त्यानंतरची वेळ आषाढातली. अपडेट चालू, बाहेर पाऊस, वीज गेली. यूपीएसची बॅटरी म्हातारी, तिनेही मान टाकली. वीज आल्यावर निळ्या पडद्यावर संदेश: बूट कॉन्फिगरेशनची फाइल नाही. या वेळी शेजारच्या दुकानातल्या मशिनवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोजचा पेनड्राइव्ह केला (आठ जीबीचा पुरतो), त्यावरून मशिन सुरू केलं आणि शिफ्ट-एफ१० दाबून काळी खिडकी उघडली. ‘स्टार्टअप रिपेअर’ आधी दोनदा करून पाहिलं होतं. दोन्ही वेळा ‘जमलं नाही’. बूट दुरुस्त करणाऱ्या ‘बूटरेक’ची फिक्सबूट कमांड दिली, तर ‘ॲक्सेस इज डिनाइड’. यूईएफआय, म्हणजे नव्या धाटणीच्या बायोसच्या, मशिनवर हे नेहमीचंच, त्याने हबकून जाऊ नका. डिस्कपार्टमध्ये (डिस्कचे भाग हाताळायच्या कमांडमध्ये) जाऊन सगळ्या व्हॉल्यूमची, म्हणजे भागांची, यादी काढली. त्यात शंभर एमबीचं, फॅट३२ लिहिलेलं एक छोटंसं खोकं असतं, तेच बूटचं घर. त्याला एस हे अक्षर दिलं, बाहेर आलो आणि बीसीडीबूट या कमांडला सांगितलं की विंडोज इथे आहे, बूटच्या फाइल्स एसवर नव्याने लिही. एक ओळ आली: बूट फाइल्स तयार झाल्या. मशिन बंद करून चालू केलं, तर सगळं जसंच्या तसं. कोरल उघडलं, त्याने वाचवलेली फाइलही पुढे केली. रफारासकट.

पाऊण तास लागला असेल, त्यातला निम्मा पेनड्राइव्ह बनवण्यात गेला.

मात्र ही वाट सरळ नाही. पेनड्राइव्हवरून सुरू झालेल्या मशिनमध्ये तुमचा सी कधी डी होऊन बसतो. प्रत्येक कमांडआधी डिर (फोल्डरांची यादी दाखवणारी कमांड) मारून विंडोजचा फोल्डर नक्की कुठे आहे ते बघावं लागतं. डिस्कपार्टमध्ये ‘क्लीन’ हा शब्द चुकूनही टाइप करू नका. आख्खी डिस्क पुसायच्या आधी तो ‘नक्की ना?’ असंही विचारत नाही. आणि डिस्कच मरायला टेकली असेल तर कमांडा व्यर्थ. एका मित्राच्या जुन्या, टकटक आवाज करणाऱ्या हार्ड डिस्कवर मी दोन तास चेकडिस्क ही डिस्क तपासायची कमांड चालवत बसलो. ती माझ्यासमोरच गेली. आधी फाइल्स काढून घ्यायला हव्या होत्या. त्या काळ्या खिडकीत ‘नोटपॅड’ टाइप केलं की नोटपॅड उघडतं, त्याच्या फाइल-ओपनमध्ये ‘ऑल फाइल्स’ निवडलं की तिथूनच कॉपी-पेस्ट करता येतं. हे मला त्या दिवसानंतर कळलं.

एक अडथळा दोन्ही वाटांवर सारखाच: बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप. नव्या लॅपटॉपवर तो बऱ्याचदा न विचारता चालू असतो आणि ४८ आकडी किल्ली मागतो. ती मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये सापडते, पण अकाउंट कोणत्या ईमेलवर काढलं होतं ते आठवायला हवं.

मोठ्या प्रमाणावर काय झालं तेही बघा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका चुकलेल्या अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं पडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले गेले. त्यावरचा इलाज होता सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज कमीत कमी गोष्टींवर सुरू करून, एक फाइल पुसणं. रोग एवढासा, आणि त्यासाठी घर पाडून पुन्हा बांधणारेही त्या दिवशी कमी नसतील. दुसरं, ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या रिकव्हरी पडद्यावर (रीसेट, रिपेअर असे पर्याय दिसतात तो) यूएसबी माउस आणि कीबोर्डच चालेनासे झाले. आठवडाभरात दुरुस्ती आली खरी, पण तोवर ज्यांचा भरवसा फक्त आतल्या रीसेटवर होता त्यांनी बटण दाबायचं कशाने? आधीच करून ठेवलेला पेनड्राइव्ह तेव्हाही चालला असता, कारण त्याच्यातला रिकव्हरी पडदा त्याचा स्वतःचा असतो.

तरीही रीसेट वाईट असं मी म्हणणार नाही. व्हायरस शिरलाय, महिनोन्‌महिने मशिन कुरकुरतंय, आत काय काय साठलंय कुणालाच ठाऊक नाही, अशा वेळी कमांडांनी फक्त बूट सुधारेल, बाकीची घाण तशीच राहील. सगळं काम ब्राउझरमध्ये असेल तरीही रीसेटच करा. पण मशिनवर डाँगलची (यूएसबीत किल्ली लावल्याशिवाय न चालणारी), टोकनची, जुन्या फॉन्टची सॉफ्टवेअरं असतील, तर मी आधी एक तास काळ्या खिडकीला देऊन बघेन. तो तास वाया गेला तरी रीसेट कुठे पळून जात नाही. उलट्या क्रमाने मात्र परतीची वाट नाही.

आणि रीसेटच करायचं ठरलं, तर बटण दाबण्याआधी नोटपॅडच्या त्याच खिडकीतून विंडोजच्या आतला ‘फॉन्ट्स’ फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. माझा साडेसहाशे एमबीचा भरला.