कागदी हेलिकॉप्टरची कार्यशाळा: एका पालकाचा अभिप्राय

एप्रिलमधल्या एका रविवारी आमच्या सोसायटीच्या सभागृहात मुलांसाठी कागदी हेलिकॉप्टरची कार्यशाळा झाली आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलीबरोबर मी तिथे पूर्ण अडीच तास बसलो. मुले बारा होती आणि शुल्क प्रत्येकी ३५० रुपये. पाठकोरे कागद, कात्र्या, पट्ट्या, यू-पिना आणि एक स्टॉपवॉच एवढेच सामान पाहून काही पालकांनी दारातच नाराजी व्यक्त केली. शुल्क शिकवण्याचे होते आणि ते वसूल झाले, असे मी त्यांना आज खात्रीने सांगेन.

कृती सोपी आहे. कागदाची पट्टी वरून मधोमध कापायची, त्या दोन पात्यांपैकी एक पुढे आणि एक मागे दुमडायचे, खालचा भाग घडी घालून अरुंद करायचा आणि टोकाला यू-पिन लावायची. पहिल्याच फेरीत एका मुलीचे हेलिकॉप्टर न फिरता सरळ खाली आले.

‘‘ताई, माझं फिरतच नाही.’’

‘‘पाती कुठल्या बाजूला दुमडलीस, बघ बरं.’’

तिने दोन्ही पाती एकाच बाजूला दुमडली होती. शिकवणाऱ्या ताईंनी तिला नवा कागद दिला नाही की स्वतः घडीही घातली नाही. तिची चूक तिलाच सापडेपर्यंत त्या शेजारी शांतपणे थांबल्या. पुढे तिनेच दोन्ही घड्या उलटवल्या तर फिरण्याची दिशाही उलटते, हे सर्वांना करून दाखवले. खालून येणारी हवा दोन्ही पात्यांना ढकलते, पण ती पाती मधल्या रेषेच्या दोन बाजूंना असल्यामुळे ते ढकलणे समोरासमोर येत नाही आणि हेलिकॉप्टर गरगर फिरते, हे कारण त्यानंतर सांगितले गेले. आधी अनुभव आणि मग कारण, हा क्रम मला फार मोलाचा वाटला.

कार्यशाळेचा खरा कस मोजमापात लागला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, प्रत्येक हेलिकॉप्टर तीनदा सोडायचे आणि सरासरी काढायची, हा नियम ताईंनी शेवटपर्यंत सैल होऊ दिला नाही. सुरुवातीला मुले खुर्चीवर उभी राहून हेलिकॉप्टर सोडत होती. तेवढ्या उंचीवरून खाली यायला दोन सेकंदही लागत नाहीत, त्यामुळे बटण दाबायला झालेला जरासा उशीरही सगळा हिशेब बिघडवतो. यात जवळजवळ अर्धा तास वाया गेला आणि ही आयोजकांची चूकच म्हणावी लागेल. जिन्याच्या पहिल्या मजल्यावरून, म्हणजे सुमारे चार मीटरवरून सोडायला सुरुवात केल्यावर आकडे बोलू लागले. माझ्या मुलीच्या वहीत एका यू-पिनेला सरासरी ३.८ सेकंद आणि तीन यू-पिनांना ३.० सेकंद अशी नोंद आहे. सभागृहातले पंखे बंद केल्याशिवाय आकडे जुळत नाहीत, हे एका सात वर्षांच्या मुलाने स्वतःहून ओळखले आणि त्या उकाड्यात बाराही जणांनी पंखे बंद ठेवायला आनंदाने होकार दिला.

घरी दिलेल्या छापील पत्रकाबद्दल मात्र माझी स्पष्ट तक्रार आहे. कागदी हेलिकॉप्टर खऱ्या हेलिकॉप्टरसारखेच उडते, असे त्यात लिहिले आहे आणि ते बरोबर नाही. खऱ्या हेलिकॉप्टरमध्ये इंजिन पाती फिरवते आणि पाती हवा खाली लोटतात. कागदी हेलिकॉप्टर खाली येत असते आणि वर जाणारी हवाच त्याची पाती फिरवते. इंजिन बंद पडल्यावर वैमानिक याच तत्त्वाच्या आधारे हेलिकॉप्टर सुखरूप उतरवू शकतो. ताईंनी तोंडी हे नीट समजावले होते, त्यामुळे पत्रकातली चूक अधिकच खटकते.

मंगळावर १९ एप्रिल २०२१ रोजी प्रथम उडालेल्या ‘नासा’च्या ‘इंजेन्युइटी’ या छोट्या हेलिकॉप्टरचा उल्लेख तर अगदी योग्य जागी आला. तिथली हवा पृथ्वीच्या हवेच्या सुमारे एक टक्का दाट असल्याने वजन अवघे १.८ किलो, पात्यांचा विस्तार टोकापासून टोकापर्यंत १.२ मीटर आणि फिरण्याचा वेग प्रचंड ठेवावा लागला. वजन आणि पात्यांची लांबी बदलून मुलांनी नुकतेच आकडे घेतले होते, त्यामुळे ही कारणे त्यांना चटकन उमगली.

आठ ते बारा वर्षांच्या मुलांना येथे जरूर पाठवावे. त्याहून लहान मुलांना सरासरी काढायला मदत लागते. शक्य असल्यास पालकांनीही थांबावे. दुसऱ्या दिवशी माझी मुलगी रस्त्यावरच्या महोगनीच्या झाडाखालून पंखाच्या बिया वेचून घेऊन आली. त्याही गरगरत खाली येतात. तिने जिन्यातून प्रत्येक बी तीनदा सोडली आणि वहीत हेलिकॉप्टरच्या आकड्यांशेजारी नवा रकाना आखला.