‘१६ टन’ छापलेले क्रिंपिंग टूल आणि जळालेला लग

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत मी गेली १९ वर्षे परवानाधारक विद्युत ठेकेदार म्हणून काम करतो. जाड केबल ओढणे, तिच्या टोकाला लग (नळी आणि बोल्टचे भोक असलेले धातूचे टोक) दाबून पंच करणे आणि तो लग बसबारवर, म्हणजे पॅनेलमधील वीज वाहणाऱ्या पट्टीवर, बोल्टने आवळणे, हे आमचे रोजचे काम आहे. एवढ्या अनुभवानंतरही लग दाबून बसवणाऱ्या हायड्रॉलिक क्रिंपिंग टूलच्या खरेदीत माझी पूर्ण फसवणूक झाली आणि तिची झळ माझ्या खिशापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्या कारखान्याला अधिक बसली. ती कशी झाली हे सविस्तर लिहीत आहे, कारण जी युक्ती माझ्यावर चालली ती दुसऱ्या कोणावरही सहज चालू शकेल.

एका फाउंड्रीतील कॉम्प्रेसर विभागासाठी २४० चौरस मिलिमीटरच्या साडेतीन कोअर (तीन पूर्ण आणि एक कमी जाडीचा वाहक असलेल्या) ॲल्युमिनियम केबल टाकण्याचे काम मला मिळाले होते. माझे जुने टूल १८५ पर्यंतच चालत असल्यामुळे मोठे टूल घेणे भाग होते. नामांकित कंपनीच्या टूलची किंमत त्या वेळी मला जड वाटत होती. त्याच आठवड्यात एक विक्रेता आपली गाडी घेऊन थेट साइटवर आला. निर्यातीसाठी बनवलेला पण ऑर्डर रद्द झाल्यामुळे उरलेला माल आहे, असे सांगून त्याने १६ ते ३०० चौरस मिलिमीटरपर्यंतच्या डायसह (लग दाबणाऱ्या साच्यांसह) एक हातटूल माझ्यापुढे ठेवले. टूलच्या डोक्यावर दाबण्याचा जोर म्हणून ‘१६ टन’ असे ठसठशीत छापलेले होते, पेटी मजबूत होती आणि सोबत चाचणीच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स होती, जिच्यावर प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेची खूण दिसत होती.

त्याने प्रात्यक्षिकही दाखवले, आणि खरी फसवणूक तेथेच झाली. त्याने आपल्याच पिशवीतून २४० चा लग आणि केबलचा हातभर तुकडा काढला, लग डायमध्ये धरला आणि दांडा मारायला सुरुवात केली. थोड्याच वेळात दोन्ही डाय एकमेकांना टेकले, आतला व्हॉल्व्ह ‘टक्’ असा वाजला आणि लगवर सुबक षटकोन उमटला. आम्ही सर्वांनी तो लग हातात घेऊन पाहिला, पण त्याच्या नळीची जाडी कोणीही मोजली नाही. त्याच्याजवळच्या लगची भिंत नेहमीच्या लगपेक्षा बरीच पातळ होती, त्यामुळे कमी जोरातही डाय मिटले, ही गोष्ट मला फार उशिरा उमगली. मी १८,५०० रुपये रोख दिले. पक्के बिल घेतले तर १८ टक्के जीएसटी वेगळा पडेल, असे तो म्हणाला आणि मी कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानले. या व्यवहारातली ही माझी सर्वांत मोठी चूक होती.

काम सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्या ज्येष्ठ वायरमनने मला बोलावून सांगितले, “साहेब, डाय पुरते मिटंनात. व्हॉल्व्ह आधीच वाजतोय.” मी पाहिले तेव्हा दोन डायच्या मध्ये साधारण दीड मिलिमीटरची फट राहत होती. विक्रेत्याला फोन केला, तर तो अत्यंत आत्मविश्वासाने म्हणाला, “साहेब, तुमचे लग जाड आहेत, एवढी फट चालते. आवाज आला म्हणजे प्रेशर पूर्ण झालं.” मी वायरमनपेक्षा विक्रेत्याचे ऐकले. ज्या माणसाने आयुष्यभर हाताने लग पंच केले आहेत, त्याच्या शंकेला मी त्या दिवशी योग्य मान दिला नाही, याची खंत आजही आहे. फट वाढतच गेली तेव्हा विक्रेत्याने आपला एक माणूस पाठवला. त्याने टूलच्या बाजूचा एक स्क्रू दोन वेढे आवळला, त्यानंतर डाय मिटू लागले आणि आमचे समाधान झाले. तोपर्यंत ३१ लग अर्धवट दाबाने पंच होऊन पॅनेलमध्ये बसलेही होते.

एप्रिलच्या उन्हात कॉम्प्रेसर पूर्ण भाराने चालू लागले आणि एका दुपारी पॅनेलमधून जळका वास येत असल्याचा फोन आला. भार फेजमागे २८० अँपिअरच्या आसपास होता, म्हणजे त्या केबलच्या क्षमतेच्या बराच आत. इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहिले तेव्हा आर फेजचा लग ५८ अंश आणि बी फेजचा ६४ अंश सेल्सिअस होता, पण वाय फेजचा १३१ अंशांवर गेला होता. केबलवरच्या एक्सएलपीई (एक प्रकारचे प्लास्टिक) इन्सुलेशनला सततच्या वापरात वाहकाचे तापमान ९० अंशांपर्यंतच चालते. पुरवठा बंद करेपर्यंत त्या कोअरचे आवरण तपकिरी होऊन आक्रसले होते. विभाग ११ तास बंद राहिला. त्या पॅनेलसमोर नेहमी एक मदतनीस उभा असतो, हे आठवले की आजही जीव दडपतो.

जोड असा तापतो याचे कारण साधे आहे. चांगल्या क्रिंपचा, म्हणजे दाबून केलेल्या जोडाचा, रोध मायक्रोओहममध्ये मोजला जातो. तो वाढून केवळ एक मिलिओहम झाला, तरी ३०० अँपिअर प्रवाहाला त्या एका टोकावर ९० वॉट उष्णता तयार होते, म्हणजे चांगले मोठे सोल्डरिंग आयर्न लगच्या आत रात्रंदिवस चालू ठेवल्यासारखे होते. शिवाय ॲल्युमिनियमवर हवेमुळे ऑक्साइडचा थर लगेच बसतो आणि तो वीज वाहू देत नाही. पुरेशा दाबाने तार आणि नळी एकजीव झाली, तरच हा थर फुटतो आणि पुन्हा हवा आत शिरत नाही. दाब कमी पडला की पोकळ्या राहतात, त्यांत ऑक्साइड वाढतो, जोड तापतो, तापल्याने सैल होतो आणि सैल झाल्याने आणखी तापतो. म्हणूनच असा लग पहिल्या दिवशी मेगरवर (इन्सुलेशन तपासणाऱ्या उपकरणावर) काहीही दाखवत नाही आणि काही आठवड्यांनी जळतो.

काढलेला लग मी हॅक्सॉने आडवा कापला आणि कापलेली बाजू पॉलिश पेपरने घासली. चांगल्या क्रिंपमध्ये तारा एकमेकींत दबून मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या दिसतात आणि नळी व तार यांत फट दिसत नाही. येथे प्रत्येक तार गोल आणि सुटी होती, मध्ये काळी पूड साचली होती आणि दोन तारा मी पक्कडीने सहज ओढून बाहेर काढल्या. त्या संध्याकाळी मी सर्व ३१ लग बदलण्याचे ठरवले.

टूल घेऊन मी शिवाजी उद्यमनगरातील एका हायड्रॉलिक दुरुस्ती करणाऱ्या जुन्या कारागिराकडे गेलो. तोवर टूलच्या सीलमधून तेल झिरपू लागले होते आणि डोक्याच्या वळणावर केसाएवढी चीर दिसत होती. त्यांनी टूल उघडले, सिलिंडर व्हर्नियरने (बारीक मापे घेणाऱ्या साधनाने) मोजला आणि व्यास ३८ मिलिमीटर निघाला. पुढचा हिशेब त्यांनी माझ्यासमोर कागदावर केला. असली टूल साधारणतः ७०० बार दाबासाठी बनवलेली असतात, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ७० न्यूटन. ३८ मिलिमीटर व्यासाचे क्षेत्रफळ १,१३४ चौरस मिलिमीटर भरते, त्याला ७० ने गुणले की सुमारे ७९,४०० न्यूटन, म्हणजे जेमतेम ८ टन. त्याच दाबावर १६ टन हवे असतील, तर सिलिंडर साधारण साडेत्रेपन्न मिलिमीटरचा असायला हवा. लेबलवर काहीही छापता येते, परंतु सिलिंडरचा व्यास खोटे बोलत नाही.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ८ टनांचे टूल म्हणजे टाकाऊ टूल, असे मी म्हणत नाही. डाय अरुंद असेल तर कमी टनांच्या टूलनेही २४० चा लग नीट पंच होतो, फक्त एका लगवर अधिक वेळा दाबावे लागते. मला दिलेले डाय मात्र मोठ्या टूलचे, रुंद होते आणि रुंद डायमध्ये तोच जोर अधिक धातूवर विभागला जातो. खोट्या छापावर विसंबून रुंद डाय वापरायला लावणे, हीच या फसवणुकीची गोम होती. विक्रेत्याच्या माणसाने आवळलेला स्क्रू हा दाब मर्यादित ठेवणाऱ्या व्हॉल्व्हचा होता. ८ टनांच्या सिलिंडरमधून १२ टन काढायचे तर दाब १,००० बारच्या वर न्यावा लागतो, आणि तेवढ्या दाबाने ओतीव डोके तडकून वायरमनच्या तोंडासमोर फुटू शकले असते. सुरक्षिततेचा व्हॉल्व्ह आवळून काम भागवणारा कोणी भेटला, तर त्याच क्षणी टूल बाजूला ठेवावे.

प्रमाणपत्राचीही तीच कथा. झेरॉक्सवरचा अनुक्रमांक आणि टूलवर कोरलेला अनुक्रमांक वेगवेगळे होते. दोन्ही शेजारी ठेवले असते तर ते घेतानाच कळले असते. एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळा त्या संस्थेच्या संकेतस्थळावर शोधता येतात. त्या कागदावरची प्रयोगशाळा मला तेथे सापडली नाही.

आता मी टूल घेताना माझे लग, माझी केबल आणि माझा व्हर्नियर घेऊन जातो. ॲल्युमिनियमचा लग आयएस ८३०९ प्रमाणे बनवलेला आहे ना, हे आधी पाहतो आणि साडेतीन कोअर केबलमधील वाहक पाचरीच्या आकाराचा असल्यामुळे तो आधी गोल करून घेतो. दुकानदाराच्या पिशवीतला तुकडा मी हातातही धरत नाही. ज्या सर्वांत मोठ्या आकारासाठी टूल घ्यायचे, त्याच आकाराचा लग तेथेच पंच करतो, डाय पूर्ण टेकतात की नाही ते उजेडाकडे धरून पाहतो आणि तो लग तेथेच कापून दाखवा असे सांगतो. एक लग वाया गेल्याचे पैसे मी देतो; जो कापू देत नाही त्याच्याकडून मी टूल घेत नाही. लगच्या दोन्ही बाजूंना धातूचे पातळ पंख बाहेर आले, तर डाय आणि लग यांचा मेळ बसलेला नाही असे समजावे. तांब्याच्या लगसाठी जर्मन मानक डीआयएन ४६२३५ चे डाय असतील, तर १८५ साठी २५, २४० साठी २८ आणि ३०० साठी ३२ हे संकेत क्रमांक लगवर आणि डायवर जुळले पाहिजेत. ॲल्युमिनियमच्या लगची नळी जाड असते, त्यामुळे तांब्याचा डाय तिला चालेल असे गृहीत धरू नये. तांब्याच्या बसबारवर ॲल्युमिनियम केबल घ्यायची असेल, तर बायमेटल (तांबे आणि ॲल्युमिनियम जोडून बनवलेला) लग वापरावा. लग पंच करताना बोल्टच्या पट्टीकडून सुरुवात करून केबलच्या दिशेने यावे.

पैसे परत मिळवण्याच्या खटपटीत मला फारसे यश आले नाही. विक्रेत्याचा फोन बंद झाला आणि त्याने पूर्वी पाठवलेल्या दरपत्रकावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर शोधला, तेव्हा तो रद्द झालेला निघाला. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही विचारणा केली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूंना संरक्षण नाही, पण केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही. एकटे काम करणाऱ्या वायरमनला त्यामुळे ग्राहक आयोगात दाद मागता येऊ शकते, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. माझ्याकडे कामगार असल्यामुळे माझे प्रकरण अवघड आहे, असे वकिलांनी सांगितले, आणि पक्के बिल नसल्यामुळे ते आणखी अवघड झाले आहे. टूलचा अनुक्रमांक लिहिलेले पक्के बिल माझ्या हातात असते, तर निदान लढायला काहीतरी आधार राहिला असता.

फाउंड्रीतील सर्व लग मी स्वखर्चाने बदलून दिले. त्या टूलने मी आणखी एका ठिकाणी, एका पाणीपुरवठा योजनेच्या पंपगृहात, १४ लग पंच केले होते. तेथील अधिकाऱ्यांना मी स्वतः जाऊन सर्व हकिगत सांगितली. पंप बंद ठेवता येतील अशा दोन रविवारी आम्ही १२ लग बदलले आहेत, उरलेले दोन येत्या रविवारी बदलू, आणि तोपर्यंत माझा वायरमन रोज संध्याकाळी तेथे जाऊन त्या दोन लगचे तापमान वहीत लिहून येतो.