बोरिस गोदुनोव : आधी वाचावा की ऐकावा?
रशियाचा झार, म्हणजे सम्राट, बोरिस गोदुनोव याच्यावरचं पुश्किनचं नाटक आधी वाचायचं की त्यावरून मुसॉर्ग्स्कीनं रचलेला ऑपेरा आधी ऐकायचा, हा पेच मलाही पडला होता. मी ऑपेरापासून सुरुवात केली. चुकलो असं नाही म्हणणार, पण आज पुन्हा निवडायचं झालं तर उलट करीन.

झारच्या मनाची टोचणी अनुभवायची असेल तर ऑपेरा सरस, हे आधीच कबूल करतो. उग्लिच गावी १५९१ मध्ये मेलेला छोटा राजपुत्र दिमित्री, ज्याच्या खुनाचा ठपका बोरिसवर आहे, तो बोरिसला खोलीत दिसू लागतो, तो प्रसंग मी रात्री हेडफोन लावून ऐकला आणि उठून दिवा लावला. पुश्किन असा घाम फोडत नाही. त्याच्या तेवीस प्रवेशांपैकी जेमतेम सहांत बोरिस आहे. बाकी सगळी सरदारांची कुजबुज, मठातला म्हातारा बखरकार पीमेन आणि तिथून पळून स्वतःला दिमित्री म्हणवणारा ग्रिगोरी. शिवाय निर्यमक पद्य इंग्रजी अनुवादात सपाट होतं. रशियन येत नसेल तर एवढं नुकसान धरूनच चालायचं.

तरी माझं पारडं फिरलं ते एका कोपेकपायी, म्हणजे रशियन पैशापायी.

चर्चसमोर पोरं एका वेडसर अवलियाचा कोपेक हिसकावतात. तो थेट झारला सांगतो, छोट्या राजपुत्राला मारलंस तसं यांनाही मारून टाक. बोरिस त्याला हात लावू देत नाही, उलट माझ्यासाठी प्रार्थना कर म्हणतो. अवलिया साफ नाही म्हणतो. पुश्किननं हे साध्या गद्यात, चार ओळींत उरकलंय. मुसॉर्ग्स्कीनं १८६९च्या आवृत्तीत हा प्रवेश ठेवला होता. पण ठळक स्त्रीभूमिका नाही वगैरे कारणांनी सरकारी नाट्यगृहानं ती आवृत्ती नाकारली. मग १८७२च्या फेरलेखनात पोलंडचा अंक आणि त्यातली सरदारकन्या मरीना आली, हा प्रवेश गेला आणि कोपेकची चोरी क्रोमी गावाजवळच्या दंगलीच्या शेवटच्या प्रवेशात सरकली. तिथे झार नाहीच!

पुढे काही मंडळींनी काहीच सोडायला नको म्हणून दोन्ही आवृत्त्या जोडल्या. मी घेतलेलं रेकॉर्डिंग नेमकं तसलं निघालं. त्यात अवलियाचा कोपेक दोनदा चोरीला जातो. आपल्या संगीत नाटकात वन्समोअर आला की पद पुन्हा म्हणत, पण इथे वन्समोअर दिला कुणी? दुसरी चोरी ऐकताना पहिल्या चोरीतला झार माझ्यासाठी पार पुसट झाला. त्यात रिम्स्की-कोर्साकोव या दुसऱ्या संगीतकारानं चकचकीत केलेली प्रत वेगळी, पुढच्या काळातल्या शोस्ताकोविचचं वाद्यसंयोजन वेगळं, आणि वर नाव सगळ्यांवर एकच.

हा माझा हट्टही असेल. मोठा कोरस आणि घंटा आवडणाऱ्याला याचं काही वाटणार नाही.

पण शेवटही पाहा. १८६९चा ऑपेरा बोरिस मेला की संपतो. पुश्किन पुढे जातो. बोरिसच्या बायकोला आणि मुलाला संपवून सरदार बाहेर येतात आणि लोकांना नव्या झारचा, म्हणजे त्या तोतया दिमित्रीचा, जयजयकार करायला सांगतात. १८२५च्या हस्तलिखितात लोक तो करतात. १८३१च्या छापील पुस्तकात ते गप्प उभे राहतात. मी वाचताना त्या ओळीपाशी थांबलो, मागची चार पानं पुन्हा उलटली. ऐकताना असं थांबता येत नाही.

तेव्हा आधी नाटक, दोन संध्याकाळी पुरतात. मग ऑपेरा, शक्यतो १८६९चाच. संगीत-संचालक गेर्गिएव्हनं मारिन्स्की नाट्यगृहाच्या कलाकारांसह केलेल्या रेकॉर्डिंगच्या संचात दोन्ही आवृत्त्या वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे कोपेक एका बैठकीत एकदाच जातो.