सीजे-३बी जीप: अकरा इंची ड्रम, डबल सर्किट मास्टर सिलिंडर आणि ओव्हरड्राइव्ह – पैसे कुठे घालावेत, कुठे नाही

अमेरिकी लष्कराच्या कागदांत जीपचं नाव ‘पाव टनी ट्रक, ४x४’ असं आहे. त्याच घराण्यातली सीजे-३बी महिंद्रानं मुंबईत वर्षानुवर्षं बनवली, म्हणून आपल्याकडे आजही कोकणातल्या वाड्यांत आणि घाटावरच्या मळ्यांत ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या गाड्या सापडतात. बॉडीचं पत्राकाम आणि रंग झाला की मालकाला गाडी पळवायची घाई होते. इथे आमचं मत ठाम आहे: आधी थांबण्याची सोय, मग पळण्याची. या गाडीसाठी सर्वाधिक घेतल्या जाणाऱ्या तीन वस्तूंबद्दल त्याच क्रमानं लिहितो.

मूळ ब्रेक चारही चाकांना ९ इंच व्यासाचे, पावणेदोन इंच रुंद लायनरचे (लायनर म्हणजे ब्रेक शूवरचं, ड्रमला आतून घासणारं अस्तर). खाली दोन अँकर बोल्ट, वर दोन कॅम, आणि सगळं सेटिंग हातानं. अँकर बोल्टचाही मध्य बाजूला असतो, म्हणजे तो फिरवला की शू सरकतो. बरेच मिस्त्री नुसते वरचे कॅम फिरवून मोकळे होतात. मग लायनर फक्त टोकाला टेकतो, पेडल मऊ लागतं, आणि दोष मास्टर सिलिंडरवर जातो. ड्रम गोल असेल, लायनर ड्रमच्या गोलाईला घासून बसवला असेल आणि अँकर नीट लावले असतील, तर हे ब्रेक ५०-६० किलोमीटर वेगाला पुरतात. गाडी फक्त गावात आणि प्रदर्शनात फिरणार असेल, तर मूळ ब्रेकच नीट करून घ्या, पुढचा खर्च वाचेल.

महामार्ग किंवा घाट असेल तर अकरा इंची कीट. अमेरिकेतले विलीजचे (जीपची मूळ कंपनी) सुटे भाग विकणारे अनेक जण ते देतात. पेटीत साधारणपणे चार ड्रम आणि शू व व्हील सिलिंडर जोडलेल्या चार बॅक प्लेट (ड्रममागच्या स्थिर तबकड्या) असतात. लायनर २ इंच रुंद. घासणारा पृष्ठभाग प्रत्येक ड्रममध्ये सुमारे ४९ चौरस इंचांवरून ६९ वर जातो, म्हणजे ४० टक्क्यांनी जास्त, आणि ड्रम मोठा म्हणून त्याच दाबाला पकडही वाढते. खरा फरक मात्र रचनेचा. हे शू खाली एकमेकांना जोडलेले आणि वर एकाच पिनवर टेकलेले असतात. पुढचा शू ड्रमबरोबर ओढला जातो आणि मागच्याला ढकलतो. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारं यंत्र) नसलेल्या गाडीत पायाला ही मदत लगेच जाणवते.

बसवताना चार ठिकाणी काम बिघडतं. पहिलं, स्टड. जुने ड्रम हबला स्टडनंच पकडलेले असतात आणि स्टडचा काठ ठोकून पसरवलेला असतो. तो काठ आधी कापायचा, मगच प्रेसनं स्टड काढायचा. न कापता दाबला तर हबचं भोक मोठं होतं आणि नवा स्टड त्यात फिरत राहतो. डाव्या बाजूच्या स्टडना उलटे आटे असू शकतात. टोकावर एल कोरलेलं आहे का ते बघा, नाहीतर दोन हात लांबीचा पाइप लावून नट उलट घट्टच होत जातो.

दुसरं, मागची बॅक प्लेट. मागच्या ॲक्सलची टोकं निमुळती असतात. हब काढायला जाड स्क्रूचा हबपुलरच हवा. हबच्या काठावर घण मारला की बेअरिंगवर आणि ॲक्सलमधल्या थ्रस्ट ब्लॉकवर मार बसतो. ॲक्सलची एंड प्ले (आत-बाहेर सरकण्याची मोकळीक) बॅक प्लेटमागच्या शिमवर, म्हणजे पातळ चकत्यांवर ठरते आणि नव्या प्लेटची जाडी जुन्याइतकी असेलच असं नाही. म्हणून प्लेट बदलली की डायल गेज लावून एंड प्ले पुन्हा मोजायची: ०.००४ ते ०.००८ इंच, म्हणजे ०.१ ते ०.२ मिलिमीटर. हे काम सर्रास टाळलं जातं. कमी राहिली तर बेअरिंग तापतं, जास्त राहिली तर सील लवकर जातं आणि गिअर ऑइल नव्या लायनरवर येतं. तेल प्यायलेला लायनर पेट्रोलनं धुऊन परत लावू नका, बदला.

तिसरं, शूची जागा. लायनर आखूड असलेला शू पुढे, लांब असलेला मागे. चारही चाकांना हाच नियम. चौथं, सेल्फ-ॲडजस्टरचं (झीज झाली तसं शूचं अंतर आपोआप लावणाऱ्या यंत्राचं) दातेरी चाक डाव्या-उजव्या बाजूचं वेगळं असतं. अदलाबदल झाली तर रिव्हर्समध्ये ब्रेक मारल्यावर शू ड्रमच्या जवळ येण्याऐवजी लांब जातात आणि पेडल दर आठवड्याला खाली खाली जातं. अशी तक्रार घेऊन आलेल्या गाडीत आधी हे चाक बघा. एअर काढत बसण्यात दिवस जातो.

हँडब्रेकची काळजी नको. तो ट्रान्स्फर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या तोंडावर असतो, चाकांतल्या बदलाचा त्याच्याशी संबंध नाही.

डबल सर्किट मास्टर सिलिंडर मात्र प्रत्येक गाडीला हवाच, ब्रेक मूळ ९ इंची ठेवले तरी. मूळ सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलमध्ये घालणारा) एकाच सर्किटचा आहे. एक होज (रबरी नळी) फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. नवा सिलिंडर ब्रॅकेटसह पायाखाली, मूळ जागेजवळच बसतो. घेताना तो ड्रम-ड्रम प्रकारचा आहे ना ते विचारा. ड्रमच्या लाइनमध्ये सुमारे १० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह लागतो, डिस्कला २ पीएसआय. चुकून १०चा व्हॉल्व्ह डिस्कवर लागला तर पॅड सतत घासत राहतात. सिलिंडर बाकावर धरून आधी त्यातली एअर काढा, मग गाडीवर चढवा. पेडलला साधारण अर्धा इंच फ्री प्ले ठेवा. पुशरॉड (पेडलचा दांडा) पिस्टनला टेकून राहिला तर तेल परत जाण्याचं बारीक छिद्र बंद राहतं, तेल तापून फुगतं, आणि दहा-पंधरा किलोमीटरनंतर ब्रेक आपोआप धरायला लागतात. थंड झाल्यावर गाडी मोकळी होते, त्यामुळे गॅरेजमध्ये दोष दिसतच नाही.

सोबत पुढचे-मागचे सगळे होज नवे घ्या. जुना होज आतून सुजतो. तेल जाताना जातं, परत येताना अडतं. लोखंडी पाइपला डबल फ्लेअरच (दुहेरी दुमडून पसरवलेलं तोंड) हवा. ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४. सिलिकॉनचं डॉट ५ त्यात मिसळू नका. एअर काढायला सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून करा.

डिस्कबद्दल सगळे विचारतात. पावसाळ्यात ओढे ओलांडणाऱ्या गाडीला डिस्क खरोखर चांगले. पाणी आणि चिखल साचून राहत नाही. पण बूस्टरशिवाय डिस्कला पायाचा जोर जास्त लागतो, आणि १६ इंची अरुंद मूळ रिममध्ये कॅलिपर मावेल याची खात्री नसते. रिम बदलली की गाडीचं रूप बदललं. मूळ इंजिन ठेवणाऱ्याला आम्ही डिस्क सुचवत नाही.

आता वेग. सीजे-३बीचं ॲक्सल रेशो ५.३८, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचे ५.३८ फेरे. साधारण साडेअठ्ठावीस इंच उंचीच्या टायरवर ताशी ८० किलोमीटरला इंजिन सुमारे ३१५० आरपीएम फिरतं. गाडीच्या मूळ हरिकेन इंजिनची ७२ हॉर्सपॉवर येते ४००० आरपीएमला, म्हणजे गाडी महामार्गावर सतत ओरडत असते. सॅटर्न ओव्हरड्राइव्ह स्पायसर १८ ट्रान्स्फर केसच्या मागच्या पीटीओ तोंडावर (बाहेरची अवजारं चालवायला ठेवलेल्या जागेवर) बसतो आणि त्याच वेगाला इंजिनचे २५ टक्के फेरे कमी करतो. त्याच ८० ला साधारण २३६०. कानाला आणि इंजिनला दोघांनाही हा फरक सुखाचा आहे. चॅसीला हात लावावा लागत नाही, प्रॉपेलर शाफ्ट कापावा लागत नाही, आणि नको झाल्यास मूळ गिअर परत घालता येतो. डिफरन्शियलचे गिअर बदलायचे झाले तर पुढचे-मागचे दोन्ही एकाच रेशोचे बदलावे लागतात आणि चढावरची ताकद कायमची कमी होते. त्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा.

मागवण्याआधी मागचं कव्हर उघडून मेन गिअरचे दात मोजा: २६ की २९. चुकीचा घेतला तर तो बसणारच नाही. ट्रान्स्फर केसचा इंटरमीडिएट शाफ्ट, त्याचे निडल बेअरिंग आणि थ्रस्ट वॉशर झिजलेले असतील तर आधी ते बदला, कारण झिजलेल्या केसमध्ये ओव्हरड्राइव्हचा घूंघूं आवाज वाढतो. चांगल्या केसमध्येही थोडा आवाज राहतोच, विकणाऱ्यानं तो नाकारला तर विश्वास ठेवू नका. ओव्हरड्राइव्ह ट्रान्स्फर केसचंच तेल वापरतो, म्हणून पातळी दर महिन्याला बघा. गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रोसाठी जीएल-४ दर्जाचं तेल घाला.

लो रेंजमध्ये (ट्रान्स्फर केसच्या हळू गिअरमध्ये) आणि रिव्हर्समध्ये ओव्हरड्राइव्ह बंद ठेवायचा. कसारा किंवा खंबाटकी चढताना डायरेक्ट थर्डवर या. उतरताना तर तो काढलाच पाहिजे, नाहीतर इंजिनचा ब्रेक कमी होतो आणि सगळा भार लायनरवर येतो.

नोंदणीचा एक मुद्दा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. चॅसी, बॉडी किंवा इंजिनातला फेरबदल तिथे आडवा येतो, त्यामुळे डिझेल इंजिन घालण्याआधी दहादा विचार करा. जुने ड्रम, बॅक प्लेट, मास्टर सिलिंडर आणि मेन गिअर ग्रीस लावून, डावं-उजवं लिहून पेटीत ठेवा. नवे लायनर पहिले ३०० किलोमीटर हलक्या ब्रेकवर बसू द्या, मग ड्रम उघडून लायनरची पूर्ण रुंदी घासली आहे का ते पाहा, आणि ॲक्सलच्या टोकाचा नट पुन्हा आवळून नवी कॉटर पिन घाला.