टायमिंग बेल्ट बदलल्यावर काटा काय सांगतो: व्हॅक्यूम गेज, आठ महिन्यांच्या वापरानंतर

साडेतीन इंची तबकडी, मीटरभर रबरी नळी, तीन मापांचे टी-जोड आणि शंकूच्या आकाराचं एक रबरी तोंड. हजार-दीड हजारात येणारा, इंजिन हवा ओढताना तयार होणारी पोकळी (व्हॅक्यूम) मोजणारा हा संच बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या पेट्रोल गाड्यांवर आठ महिने वापरला. काम बहुतेक एकच: टायमिंग बेल्ट (क्रँक म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा, आणि कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, यांना एका तालात ठेवणारा दातेरी पट्टा) नवा टाकला, गाडी सुरू होते, पण आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) थरथरते आणि चढाला पिकअप नाही. अशा वेळी बेल्टचं कव्हर पुन्हा उघडायचं की दुसरीकडे शोधायचं, हे गेज दोन मिनिटांत सांगतं. फक्त तबकडीवरचे रंग आपल्याकडे पाळू नयेत.

हिरवा पट्टा 17 ते 22 इंच पाऱ्यावर (व्हॅक्यूम मोजायचं एकक, पुढे नुसतं इंच) छापलेला आहे. तो समुद्रसपाटीचा हिशेब आहे. बेळगाव साधारण 750 मीटर उंचीवर आहे आणि दर हजार फुटांना सुमारे एक इंच कमी धरावा लागतो. म्हणजे इथे अडीच इंच वजा. निरोगी इंजिन बेळगावात 15 ते 19 दाखवतं, बहुतेक गाड्या 16-17 वर स्थिर राहतात. तीच गाडी चोर्ला घाट उतरून पणजीला नेली तर काटा दोन-अडीच इंच वर जातो आणि इंजिनात काहीही बदललेलं नसतं. हा फरक माहीत नसेल तर चांगला बसवलेला बेल्ट उगाच पुन्हा उतरवला जातो.

गेज खरं बोलतंय का, हे स्कॅनरवरून (गाडीच्या संगणकातले आकडे आणि कोड दाखवणारं यंत्र) पडताळता येतं. चावी ऑन, इंजिन बंद असताना मॅप सेन्सर (इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) इथे 92-93 किलोपास्कल दाखवायला हवा. इंजिन गरम होऊन आयडलिंगला तो 35 झाला, तर फरक 57-58, म्हणजे 17 इंच. गेजवर अर्ध्या इंचाच्या आत तोच आकडा आला पाहिजे. हे गेज पहिले सहा महिने बरोबर जुळलं. नंतर काटा शून्यावर न येता एक इंचावर थांबू लागला, तेव्हापासून प्रत्येक वाचनातून एक वजा करावा लागतो.

नळी थ्रॉटलच्या (हवा कमी-जास्त करणारी झडप) पुढे, इंजिनाकडच्या बाजूला, थेट इनटेक मॅनिफोल्डच्या निपलवर लावायची. इंजिन पूर्ण गरम, एसी आणि दिवे बंद, रेडिएटरचा पंखा थांबलेला. तीन सिलिंडरच्या गाडीत काटा थोडा थरथरतोच, तो दोष नव्हे. नळी बोटांनी किंचित दाबली की स्थिर होतो.

आता मुख्य गोष्ट. काटा न हलता 10 ते 12 वर चिकटून बसला असेल, तर कॅम मागे राहिल्याचा संशय पहिला. क्रँकच्या चाकाला 20 दाते असतील, तर एक दात चुकला म्हणजे क्रँकचे 18 अंश. व्हॉल्व्ह उशिरा बंद होतात, आत घेतलेली हवा थोडी परत ढकलली जाते, आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखंच कमी येतं. पण हवेची गळतीसुद्धा काटा खाली आणते, म्हणून कव्हरला हात लावण्याआधी गाडी 2,500 आरपीएमवर धरावी. गळती असेल तर काटा बराच सावरतो, टायमिंग मागे असेल तर खालीच रेंगाळतो. ब्रेक बूस्टरची (व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक हलका करणारा भाग) नळी पकडीने दाबूनही बघावं. काटा उसळला तर दोष तिथे आहे. बेल्टच्या कामात सुटलेली एखादी व्हॅक्यूम नळी हे कारण अनेकदा निघतं, आणि ते फुकटात सुटतं.

कॅम एक दात पुढे गेला असेल, तर मात्र हे गेज तितकं उपयोगी नाही. आयडलिंगला काटा जवळजवळ बरोबर दिसू शकतो आणि दम वरच्या आरपीएमला तुटतो. तिथे स्कॅनरवरचा पी0016, म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ नसल्याचा कोड, जास्त भरवशाचा.

डिस्ट्रिब्युटर (प्लगना पाळीपाळीने वीज पोचवणारा भाग) कॅमवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत एक फसवणूक ठरलेली. बेल्ट एक दात चुकतो, इग्निशनही सोबत सरकतं, मग मेस्त्री डिस्ट्रिब्युटर फिरवून स्पार्क जागेवर आणतो. टायमिंग लाइटखाली सगळं बरोबर, पण व्हॉल्व्ह अजून उशिराच. काटा मात्र 12 च्या पुढे जात नाही. अशा गाड्यांसाठी एवढ्यावरच हे गेज घ्यावं.

कव्हर उघडल्यावर क्रँक बोल्टला पाना लावून इंजिन हातानेच फिरवायचं, नेहमीच्या दिशेने दोन पूर्ण फेरे, उलटं कधीच नाही. अडलं तर जोर लावू नये. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला असू शकतो. बाहेरच्या पुलीवरची खूण इग्निशनची असते. बेल्टसाठी आतल्या चाकाची खूण बघायची, आणि ही गल्लत सगळ्यात जास्त होते. दोन फेऱ्यांनंतर क्रँक आणि कॅम या दोन्ही चाकांच्या खुणा जुळल्या पाहिजेत. टेन्शनरच्या (बेल्टला ताण देणारी चकती) विरुद्ध बाजूला बेल्ट ताठ हवा, सगळी ढील टेन्शनरकडे. स्प्रिंगवाल्या टेन्शनरचे बोल्ट स्प्रिंगने ताण दिल्यावरच आवळायचे. बेल्ट घट्ट झाला तर शीळ घालतो, ढिला असेल तर कव्हरला फटकारतो.

खुणा जुळूनही काटा खालीच असेल, तर क्रँकची चावी (चाक दांड्यावर अडकवून ठेवणारा लोखंडी तुकडा) तपासावी. पुली बोल्ट पूर्ण टॉर्कवर आवळला नसेल तर चावीची खाच रुंदावते आणि चाक शाफ्टवर सरकतं. अशा वेळी खूण खोटं बोलते. एक नंबरच्या प्लगच्या भोकातून लांब प्लास्टिकची नळी सोडून पिस्टन खरोखर वर आहे का, ते बघायचं. ॲल्युमिनियमचा पिस्टन खरवडू नये म्हणून स्क्रू ड्रायव्हर नको.

काटा ठरावीक तालात तीन-चार इंच खाली पडत असेल, तर एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. नुकताच बेल्ट तुटलेल्या गाडीत तो बहुधा वाकलेला असतो. कॉम्प्रेशन गेजने खात्री करावी, पण तिथेही उंचीचा हिशेब लागतो: समुद्रसपाटीला 13 किलो (दर चौरस सेंटीमीटरला) देणारं इंजिन इथे 12 च्या आसपास देतं. चारांतला एकच 6-7 वर असेल तर हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

संचातले प्लास्टिकचे टी-जोड मात्र कमकुवत. इंजिनाच्या उष्णतेने चौथ्या महिन्यात दोन तडकले, आणि तडकलेला जोड स्वतःच गळती दाखवतो. पितळी जोड आणून लावले, नळीच्या टोकाला छोट्या क्लिपा घातल्या, की प्रश्न मिटतो. खानापूरकडच्या पावसाळ्यात काचेच्या आत वाफ धरते, म्हणून गेज डब्यात ठेवावं.

डिझेल गाडीसाठी घेऊ नये. साध्या डिझेलच्या इनटेकमध्ये मोजण्याजोगा व्हॅक्यूम नसतो. ब्रेकच्या नळीवर लावल्यास गेज व्हॅक्यूम पंपाची तब्येत सांगेल, बेल्टबद्दल एक अक्षरही नाही.