मुलांना सायकलवर नेताना: मागचं सीट की ट्रेलर?

आमच्याकडे दोन्ही वापरून झालंय. मुलगी लहान होती तेव्हा कॅरिअरवरचं सीट, धाकटा आल्यावर मागे ओढायचा ट्रेलर. मूल आधाराशिवाय नीट बसायला लागेपर्यंत दोन्हींचा विचार नको आणि हेल्मेट दोन्हींत हवंच, हे धरून पुढचं सांगतो.

सीटचं सुख खरंच मोठं आहे. मूल पाठीशी असतं, त्याची बडबड ऐकू येते. आमच्या नाशिकमध्ये रविवार कारंजाच्या गर्दीतून, सराफ बाजाराच्या बोळांतून सायकल शिरते तिथे सीटही शिरतं. पैसेही कमी लागतात. मर्यादा साधारण 22 किलोची, आणि मूल एकच.

मला नडला तो स्टँड. सोमेश्वरला थांबायचं, मुलीला पाणी द्यायचं, एवढंच काम. पण वजन सगळं वर आणि मागे. साइड स्टँड लावला आणि तिने जरा वाकून खाली पाहिलं की हँडल गर्रकन फिरायचं आणि सायकल कलायची. मग कंबर सायकलला टेकवून, एका हाताने सीट धरून, दुसऱ्या हाताने बाटली उघडायची. केळी घेतली तर खिशातून पैसे काढायला तिसरा हात कुठून आणायचा? डबल स्टँड बसवला, थोडा फरक पडला, पण ती वर असताना हात सोडायचा धीर मला कधीच झाला नाही.

ट्रेलरमध्ये हा ताण संपला. ब्रेक लावला की तो जागचा हलत नाही, मुलं पट्ट्यात बसून खात राहतात. जोडणीचा सांधा फिरता असल्याने सायकल आडवी झाली तरी ट्रेलर सहसा उभाच राहतो. थंडीत पुढचा पडदा लावला की वारं लागत नाही.

त्रास आहेतच. मुलांचं नाक सायलेन्सरच्या उंचीवर येतं, म्हणून सीबीएस बसस्थानक, शालिमार अशा रहदारीच्या भागात मी ट्रेलर नेत नाही. गंगापूर रोडने धरणाच्या बाजूला, तेही सकाळी लवकर. सायकलने चुकवलेला खड्डा ट्रेलरचं चाक नेमकं गाठतं. स्पीडब्रेकर सरळच घ्या, दोन्ही चाकं एकदम चढू द्या. बऱ्याच ट्रेलरना झेंडा डावीकडे असतो. आपल्याकडे गाड्या उजवीकडून पुढे जातात, तेव्हा तो उजवीकडे बांधून घेतलेला बरा. धरणावरून परतताना उतारावर मागचा भार ढकलतो, ब्रेक पॅड आधी तपासा.

एकच मूल आणि फेरी पाळणाघरापुरती असेल, तर सीट पुरेल असं मला वाटतं. दोघं असतील, रविवारी लांब जायचं असेल आणि तळमजल्यावर ठेवायला जागा असेल, तर मी ट्रेलरच घेईन. घ्यायला जाताना आपली सायकल सोबत न्या. कपलर, म्हणजे ट्रेलर सायकलला जोडणारा तुकडा, मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलच्या नटखाली बसतो. तो बसवल्यावर नटाला पुरेसे आटे उरतात का, ते दुकानातच घट्ट करून पाहा. उरत नसतील तर लांब अ‍ॅक्सल टाकून घ्या, आणि सेफ्टी पट्टा फ्रेमभोवती अडकवल्याशिवाय निघू नका.