बाण दाखवणं फुकट, लपवायचे पैसे: रेडिओलॉजीच्या कायदेशीर कोर्सचा वापरानंतरचा अनुभव

वर्गणी संपत आल्याच्या सूचना यायला लागल्यात, सोबत 'मुदतीआधी भरा, सवलत घ्या' हा आग्रहही. पुन्हा पैसे मंजूर करून घ्यायच्या आधी एकदा सगळं लिहून काढते. रेडिओलॉजिस्टवर होणाऱ्या निष्काळजीपणाच्या दाव्यांबद्दलचा हा कोर्स: रेकॉर्ड केलेली व्याख्यानं, खऱ्या दाव्यांवर बेतलेल्या केसेस, प्रश्नमंजुषा आणि शेवटी लुटुपुटूचं कोर्ट, असा मामला आहे. तास किती, प्रमाणपत्र कसं मिळतं वगैरे त्यांच्या माहितीपत्रकात आहेच, त्यात शिरत नाही. आमच्या विभागाने रेसिडेंट आणि नव्या कन्सल्टंटसाठी गटवर्गणी घेतली होती. आग्रह माझाच, त्यामुळे खर्च वसूल झाला का हेही मलाच विचारलं जाणार.

तर आधी तो बाण.

केस उघडली की फिल्म समोर येते आणि तिच्यावर ठसठशीत लाल बाण. छातीच्या एक्स-रेत कॉलरबोनच्या आड दडलेलं बारकं नोड्यूल, म्हणजे छोटी गाठ, बाण नेमका त्यावर. पोटाच्या सीटीत अगदी कडेच्या स्लाइसमध्ये हाडातला एक डाग, तिथेही बाण. खाली प्रश्न: 'या रेडिओलॉजिस्टने निष्काळजीपणा केला असं तुम्हाला वाटतं का?' आमचे रेसिडेंट एका सुरात 'हो'. एकजण म्हणाला, "मॅडम, हे सुटतंच कसं?" बाणाने दाखवलेलं सुटत नाहीच, बाबा. ज्याच्यावर दावा झाला त्याच्या फिल्मवर बाण नव्हता.

किरकोळ गोष्टीवरून डोकं फिरवून घेतेय असं वाटत असेल, तर रेडिओलॉजीतले दावे कसे चालतात ते बघा. सर्जनच्या बाबतीत टेबलावर काय झालं हे नंतर कुणाला जसंच्या तसं बघता येत नाही. आपली फिल्म मात्र पॅक्समध्ये, म्हणजे फिल्म साठवणाऱ्या संगणक यंत्रणेत, तशीच पडून असते. आजार पुढे वाढतो, निदान होतं, मग कुणीतरी जुनी फिल्म काढतं आणि आता माहीत असलेल्या जागी नजर लावतं. तिथे काहीतरी दिसतंच. मेयो क्लिनिकच्या फुप्फुस-कर्करोग तपासणीचा १९८३ साली आलेला निष्कर्ष आपल्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल: परिघावरच्या कर्करोगांपैकी ९० टक्के गाठी आधीच्या फिल्मवर मागे वळून पाहिल्यावर दिसत होत्या. त्या फिल्म तपासणीसाठीच काढलेल्या, वाचणारे कर्करोगच शोधत होते, तरीही. 'नंतर दिसतं' आणि 'तेव्हा दिसायला हवं होतं' या दोन वाक्यांमधल्या अंतरावर अख्खा खटला उभा असतो. आणि हा कोर्स पहिल्याच पानावर ते अंतर पुसून टाकतो.

यातली गंमत अशी की पश्चातबुद्धीवर याच कोर्समध्ये एक स्वतंत्र व्याख्यान आहे, आणि ते चांगलं आहे. बारूख फिशहॉफ यांचा १९७५ चा प्रयोग नीट समजावलाय: एखाद्या घटनेचा शेवट सांगितला की लोकांना तो शेवट आधीपासूनच अटळ वाटू लागतो, आणि आपल्यावर असा परिणाम झालाय हे त्यांच्या लक्षातही येत नाही. पुढे गोरिलाचा प्रयोग. ड्रू, वो आणि वुल्फ यांनी २०१३ मध्ये छातीच्या सीटीत नोड्यूलच्या सरासरी आकाराच्या ४८ पट मोठा गोरिला टाकला होता. २४ पैकी २० रेडिओलॉजिस्टना तो दिसला नाही. नजरेचा माग काढला तर त्यातल्या बहुतेकांनी गोरिलाच्या जागेकडे थेट पाहिलेलं होतं. आता कोर्सवाल्यांनी हे चित्र कसं दाखवलं असेल? गोरिलाभोवती पिवळं वर्तुळ काढून! व्याख्यान बघताना मी एकटीच हसत होते. बाकीच्यांना कळेना काय झालं ते.

मी त्यांच्या मदत कक्षाला लिहिलं. विनंती साधी होती: आधी फिल्म कोरी दाखवा, वाचणाऱ्याला आपलं मत नोंदवू द्या, मग बाण आणा. उत्तर आलं की बाणामुळे शिकणाऱ्याचा वेळ वाचतो. मी विचारलं, वेळ वाचवून करायचं काय? त्यावर, बाण चित्रातच भरलेला आहे, वेगळा काढता येत नाही. मूळ फाइल तुमच्याकडे असणारच की, असं लिहिल्यावर तक्रार 'निकाली' म्हणून बंद झाली आणि सेवेबद्दल किती समाधानी आहात याचा फॉर्म आला. तो मी भरला. शेऱ्याच्या चौकटीत जागा कमी पडली.

तोवर इकडे आम्ही पडद्यावर चिकटचिठ्ठी लावून काम भागवत होतो. झूम केलं की बाण चिठ्ठीच्या बाहेर. शेवटी एका सहकाऱ्याने वेगळा मार्ग काढला. आमच्याच संग्रहातले, ओळख काढून टाकलेले, नंतर निदान पक्कं झालेले काही स्कॅन घेतले, ते नॉर्मल स्कॅनमध्ये मिसळले आणि रोजच्या यादीसारखे रेसिडेंटना वाचायला दिले. यात काही शोधायचंय असं सांगितलंच नाही. कोर्समधला तोच निष्काळजीपणाचा प्रश्न त्यांना नंतर विचारला. एका सुरातलं 'हो' गेलं. "क्लिनिकल हिस्टरी काय दिली होती?", "जुनी फिल्म तुलनेला होती का?", "यादीत हा कितवा होता?" असे प्रश्न यायला लागले. चांगला तज्ज्ञ साक्षीदार मत देण्याआधी हेच विचारतो. निम्म्या कोर्सचं काम एका दुपारी झालं, आणि तेही फुकटात.

इथपर्यंत माझं मत ठरल्यात जमा होतं: वर्गणी नको. मग लुटुपुटूच्या कोर्टाचा विभाग सुरू झाला आणि ते हललं.

त्यात तुम्ही स्वतः लिहिलेला एक रिपोर्ट द्यायचा, रुग्णाची ओळख पुसून. त्यावर वादीच्या वकिलाची भूमिका करणारी व्यक्ती तुमची उलटतपासणी घेते. ओरडाआरडा नाही, सिनेमातला आव नाही. आमच्या एका रेसिडेंटच्या रिपोर्टवर झालेला संवाद साधारण असा:

"डॉक्टर, 'क्लिनिकल कोरिलेशन करावं' असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे समोरच्या डॉक्टरांनी नेमकं काय करायचं?"

"म्हणजे... रुग्णाच्या लक्षणांशी पडताळून बघायचं."

"लक्षणं तर मागणीच्या कागदावर लिहिलेली होती. तुम्ही ती वाचली होती?"

"हो."

"मग पडताळणी तुम्ही का केली नाही?"

पोरगा गप्प. पुढचा प्रश्न 'गाठ नाकारता येत नाही' या वाक्यावर होता. नाकारता येत नसेल तर पुढची तपासणी सुचवली का? सुचवली असेल तर कोणती, किती दिवसांत? रिपोर्टमध्ये यातलं काही नव्हतं. मोघम भाषा आपल्याला वाचवते असं आपण वर्षानुवर्षं एकमेकांना सांगत आलोय. तिचा कोर्टात कसा चुरा होतो हे मी कितीही व्याख्यानं देऊन पटवू शकले नसते. त्यानंतर आमच्याकडच्या रिपोर्टमधून 'कोरिलेशन' जवळजवळ हद्दपार झालंय. जिथे येतं तिथे कशाशी, हेही लिहिलेलं असतं.

याच विभागात फोनचा मुद्दाही नेमका पकडलाय. तातडीचं काही दिसलं की रेडिओलॉजिस्ट फोन करतो, आणि रिपोर्टमध्ये 'संबंधितांना कळवलं' एवढंच लिहितो. वकील विचारतो: कोणाला? किती वाजता? समोरच्याने ऐकलेलं परत म्हणून दाखवलं का? अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने निष्कर्ष कळवण्याबाबतचं आपलं मार्गदर्शक १९९१ मध्येच काढलं होतं. तिथल्या कोर्टांमध्ये तेव्हापासून त्यावर सतत कीस पडत आलाय, कारण गाठ दिसली, रिपोर्टही बरोबर गेला, पण रुग्णापर्यंत काही पोचलंच नाही, अशी प्रकरणं पुष्कळ. दुसरी गोष्ट अ‍ॅडेंडमची, म्हणजे रिपोर्टला नंतर जोडलेल्या पुरवणीची. तक्रार आल्यावर जुना रिपोर्ट 'जरा सुधारण्याचा' मोह किती महागात पडतो, हे पॅक्सचं ऑडिट ट्रेल समोर ठेवून दाखवलंय: कोणी, किती वाजता उघडलं, कोणत्या स्लाइसवर किती वेळ थांबलं. सगळ्याच यंत्रणा शेवटचं नोंदवत नाहीत, पण रिपोर्टची आधीची प्रत बहुतेक ठिकाणी राहते. ते पाहून वर्गात शांतता पसरली.

कायद्याचा भाग मात्र घाईत उरकलाय. बोलम १९५७, बोलिथो १९९७, माँटगोमेरी २०१५ ही ब्रिटनमधल्या खटल्यांची नेहमीची रांग आहे: समव्यवसायींच्या जबाबदार गटाने तसंच केलं असतं तर निष्काळजीपणा नाही, मग, त्या गटाचं मत तर्काला धरून हवं, मग, संमतीच्या बाबतीत रुग्णाला काय महत्त्वाचं वाटेल ते बघा. भारतातला जेकब मॅथ्यू खटला, २००५, एका स्लाइडमध्ये संपवलाय. फौजदारी गुन्ह्यासाठी ढोबळ स्वरूपाचा निष्काळजीपणा लागतो, ही त्यातली मुख्य गोष्ट निदान सावकाश सांगायची. आपल्या कामाला सगळ्यात जवळचा खटला तर तळटीपेत गेलाय: इंग्लंडमध्ये पूर्व केंटच्या आरोग्य यंत्रणेविरुद्धचा, गर्भाशयमुखाच्या चाचणीतल्या काचपट्ट्या चुकीच्या वाचल्याचा. तिथे न्यायालयाने म्हटलं की काचपट्टीवर काय होतं हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे आणि तो न्यायाधीशाने ठरवायचा. तज्ज्ञांचे दोन गट वेगवेगळं म्हणतात एवढ्याने तो सुटत नाही. म्हणजे 'दिसत होतं का' हे नंतर बघूनच ठरणार. पुन्हा तोच बाण! असा खटला तळटीपेत टाकणाऱ्याला काय म्हणावं.

प्रश्नमंजुषेबद्दल एकच सांगते. 'रेडिओलॉजिस्टच्या चुकांचं प्रमाण किती?' याचं एकच उत्तर बरोबर धरतात, ४ टक्के. रेडिओलॉजिस्ट गारलंड यांनी १९४९ मध्ये मांडलेला ३० टक्क्यांच्या आसपासचा आकडा लिहिला की फुली. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. रोजच्या कामातल्या चुकांचा ३ ते ५ टक्के हा आकडा काढताना नॉर्मल फिल्मही धरतात, आणि त्या भरपूर असतात. गारलंडचा आकडा दोष असलेल्या फिल्मपुरता आहे. भाजक बदलला की आकडा बदलणारच. कोर्टात वकील नेमका सोयीचा आकडा उचलणार, आणि हे पाठांतर करून गेलेला रेडिओलॉजिस्ट तिथे अडकणार.

केसेसची निवडही जरा नाट्यमय आहे. मेंदूतले रक्तस्राव आणि महाधमनीचे प्रकार भरपूर, मोडलेली हाडं दोन-चारच. अमेरिकेतल्या ८,२६५ रेडिओलॉजिस्टच्या दाव्यांचा जो अभ्यास २०१३ मध्ये आला, त्यात स्तनाचा कर्करोग सुटण्याचे दावे सगळ्यात वर आणि पाठोपाठ मणक्याबाहेरची फ्रॅक्चर. रात्रपाळीच्या रेसिडेंटला मनगटाचा एक्स-रे शिकवा ना आधी. किम आणि मॅन्सफिल्ड यांची २०१४ ची चुकांची वर्गवारी मात्र छान वापरलीय: ४२ टक्के चुका नुसत्या न दिसण्याच्या, २२ टक्के एक सापडल्यावर शोध थांबवण्याच्या. यावरचं व्याख्यान नव्या मुलांना जरूर दाखवा. दावा अंगावर आलेल्या एका रेडिओलॉजिस्टचं निनावी कथनही ऐकण्यासारखं आहे, विशेषतः त्या काळात प्रत्येक रिपोर्टला दुप्पट वेळ कसा लागायचा तो भाग. कृत्रिम बुद्धिमत्तेवरचं व्याख्यान शिळं झालंय. प्रणालीने पकडलेलं रेडिओलॉजिस्टकडून सुटलं तर नकली ज्युरी त्याला अधिक वेळा दोषी धरतात, हे २०२५ मध्ये आलेल्या प्रयोगात दिसलं. त्याचा इथे उल्लेखही नाही.

आता ताजी बातमी. मध्यंतरी एक सुधारणा आली: 'बाण लपवा' असं बटण. मी खुश होऊन दाबलं, तर 'ही सोय वरच्या श्रेणीच्या वर्गणीत उपलब्ध आहे'. जो बाण चित्रातून वेगळा काढताच येत नव्हता, तो जास्त पैसे भरले की निघतो! फुकटच्या चाचणीत वापरून पाहिलं. मोबाइलवर फिल्म उघडताना बाण क्षणभर चमकतो आणि मग लपतो. तेवढ्यात नजर जायची तिथे जातेच.

ज्यांच्याकडे स्वतःचा नीट लावलेला शिकवणीचा संग्रह आहे आणि डिस्क्रिपन्सी मीटिंग, म्हणजे सुटलेल्या निदानांवर चर्चा करायची बैठक, नियमित होते, त्यांनी केस विभागासाठी पैसे घालू नयेत. जिथे हे दोन्ही नाही तिथे घ्या, पण चिकटचिठ्ठ्या मोठ्या आणा. लुटुपुटूच्या कोर्टासाठी मात्र मी पैसे देईन. तो विभाग सुटा विकत नाहीत. विचारलं तर 'सूचना नोंदवली आहे'. अटी पूर्ण वाचल्या, एका वर्गणीवर गटाने एकाच पडद्यावर बघायला मनाई असल्याचं कुठे लिहिलेलं नाही. तेव्हा गटवर्गणी बंद, एकच वैयक्तिक वर्गणी, खालच्या श्रेणीची. उलटतपासणीला दर वेळी वेगळा रेसिडेंट बसेल. सवलतीची मुदत संपायच्या आदल्या दिवशी भरणार आहे, तोवर आणखी कमी करतात का बघते.